लीतियाच्या पाठीवरचं बाळ

मित्रांनो, दाराजवळच्या खुंटीवरचा हा पांढरा कोट म्हणजे मी, एक जुनी अमाऊती. उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या बर्फाळ गावात आया मला घालतात आणि पाठीवरच्या माझ्या झोळीत बाळ ठेवतात. म्हाताऱ्या अलुकीनं मला लेकीसाठी, उलुरिअकसाठी शिवलं. उलुरिअकची तिन्ही मुलं माझ्यातच वाढली. माझी शिलाई बघायला बायका मला उलटसुलट करायच्या.

मग उलुरिअकला खोकला लागला. देशात इतरत्र क्षय कधीच ओसरला. पण आमची घरं लहान, माणसं दाटीनं राहणारी, इथे तो ठाण मांडून आहे. दवाखान्यानं अख्खं गाव तपासलं, त्यात तिचा क्षय सापडला. गोळ्या सुरू झाल्या. नर्स हो म्हणेपर्यंत तिनं वेगळ्या खोलीत राहायचं आणि झोळीतल्या धाकट्या नौयानं आत्याकडे, लीतियाकडे.

लीतियाची अमाऊती नवी, जांभळी, चंदेरी फितीची.

"जुनीच ने गं, बाळाला सवय आहे," अलुकी म्हणाली.

"क्षय कपड्यातून होत नाही म्हणते नर्स. तरी नको, मावशी," लीतिया म्हणाली.

लीतिया रोज खिडकीबाहेरून उलुरिअकला बाळ दाखवायची. त्या जांभळीत नौया चक्क हसायची. माझ्या झोळीत असं काय कमी होतं? तिची फीत उसवावी, असं मनात यायचं.

एकदा लीतिया खिडकीशी आली आणि उलुरिअकनं मला अंगात चढवलं. मी हरखले. आता जांभळीची जिरणार होती.

अलुकी दारात आडवी उभी राहिली. "कुठे?"

"नौयाला घ्यायला. खोकला थांबलाय, आई."

"नर्स हो म्हणाली?"

"तू काय नर्सची बहीण लागतेस?"

"मी त्या बाळाची लेक लागते."

आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की त्याचं नातंही बाळाकडे येतं. नौया हे अलुकीच्या आईचं नाव.

"याच दुखण्यापायी आईला जहाजानं दक्षिणेच्या इस्पितळात नेलं, ती परतलीच नाही," अलुकी म्हणाली. "किनाऱ्यावर वाट बघत मी मोठी झाले. आत्ता कुठे ती नौयाच्या रूपानं घरी आलीय. तिला खोकू देणार नाही मी. काढ तो कोट."

उलुरिअकनं रडत मला उतरवलं. अलुकीनंच मला शिवलं आणि तीच माझ्या आड आली, याचा मला फार राग आला.

पुढे नर्सनं परवानगी दिली. नौया ठणठणीत परतली, माझ्या झोळीत बसली आणि तिनं भोकाड पसरलं. तिला जांभळी हवी होती.

मित्रांनो, ते मला अजून सलतं. तरी सांगते, घरात कुणी खोकत असेल तर दवाखान्यात न्या, बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू देऊ नका. तोवर तुमचं बाळ दुसऱ्याच्या पाठीवर हसलं, तर हसू द्या. जळायला मी आहे.