गोकुळाचं लुगडं

गोकुळा पौषात तापानं गेली. दहाव्याला आलेल्या बायका माझ्यासमोर रडल्या आणि ओसरी उतरताच तिचं कौतुक करू लागल्या. "कुंकू लावून गेली, भाग्याची बाई!" नवऱ्याच्या आधी मरायचं, एवढं एकच काम तिनं गावाच्या मनासारखं केलं होतं.

त्याआधीचं तिचं काहीच कोणाला पटलं नव्हतं. आम्हाला मूल झालं नाही. सावली या गावाजवळच्या आमच्या खेड्यात चैत्रात मातामाय देवीचा नाच होतो. गावातला पत्रू लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून माता होतो आणि लेकुरवाळ्या सवाष्णी त्याच्याभोवती फेर धरतात. गोकुळा फेरात जायला निघाली की बापूजींची बायको वच्छला तिला मागं सारायची. "तू तिथी लिंबाखाली उभी राह्य वं." बापूजी गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. सरकारनं त्यांची मालगुजारी नेली, पण वच्छलेचा तोरा काही सरकारला नेता आला नाही.

नाचणाऱ्या मातेला त्या साली अहेव, म्हणजे नवरा जिवंत असताना मेलेल्या बाईचं लुगडं लागतं. नाच संपला की ते फाडतात आणि घरोघरी एकेक चिंधी नेऊन पोरांच्या मनगटाला बांधतात. मग म्हणे पोरांना देवी-गोवर येत नाही. ज्या साली गावात अशी कोणी मरत नाही, त्या साली शेजारच्या गावात चौकशी करतात.

यंदा चौकशीची गरज नव्हती. बापूजी आणि पुजारी डोमा माझ्या दारात आले. मी जाळं दुरुस्त करत होतो.

"केवळराम, गोकुळाचं लुगडं पाह्यजे मातेले," डोमा म्हणाला.

"काऊन? जित्तेपणी तर तिची सावली चालत नव्हती."

"आता ते मातेजवळ गेली. मातेनं तिले पदरात घेतलं."

"मातेनं घेतलं. मंग वच्छलाबाईनं काऊन नाई घेतलं?"

बापूजी खोकले. बापूजी खोकले की बोलणं संपलं असं गाव धरून चालतं. दोघं निघाले.

गोकुळाची लुगडी दोनच होती. एक तिच्यासोबत सरणावर गेलं. दुसरं निळं, काठाला धानाच्या रोवण्याच्या चिखलाचे डाग असलेलं, मी उशाशी घेऊन झोपत होतो. त्याला अजून तिचा वास होता. ते फाडून वाटायचं, आणि कोणाच्या पोरांना? गोकुळानं कडेवर घेतलं तर ज्यांच्या आया त्यांना घरी नेऊन अंघोळ घालायच्या, त्यांना. पण नाही म्हणालो असतो तर गावात जे पोर आजारी पडेल ते माझ्या माथी आलं असतं.

माझी थोरली बहीण सोनीबाई आत तांदूळ निवडत होती. ऐन जवानीत नवरा साप चावून मेला, तेव्हापासून ती आमच्याकडं राहते. ती म्हणाली, "मायं पिवळं लुगडं दे त्याहीले."

"बाई, मातेले अहेवाचं लागते."

"मातेले लागते का डोमाले?"

"कोणी ओळखलं मंजे?"

"कोण वयखते? कोणी कधी गोकुळाकडे धड पाह्यलं काय?"

ते खरंच होतं. वीस वर्षं जिच्याकडं कोणी नीट पाहिलं नाही, तिचं लुगडं कोणतं हे कोणाला ठाऊक असणार? मी पिवळं देऊन टाकलं.

चैत्रात नाच झाला. ढोल, सनई, धूप. पत्रू असा घुमला की दोघांनी धरूनही आवरेना. डोमा सगळ्यांना सांगत होता, "अहेवाचं लुगडं हाय मनून एवढी माता आली!" सवाष्णी त्या लुगड्याच्या पाया पडून नवऱ्यांसाठी शंभर वर्षं मागत होत्या. सोनीबाई लिंबाखाली उभी राहून पाहत होती. मग लुगडं फाडलं. पदर मानाचा, तो वच्छलेनं नेला. घरी आल्यावर मला हे सगळं गोकुळाला सांगावंसं वाटलं. ती पोट धरून हसली असती. उशाशी लुगडं होतं, पण लुगडं हसत नाही.

दहा-बारा दिवसांनी वच्छला आली. नातवाचा ताप पदर बांधल्यावर उतरला होता. मूल या गावी दिलेली लेक आता बाळंतपणाला आली होती. "एखादा तुकडा उरला असन तं देता काय भाऊ? गोकुळा लय चांगली होती."

"ते गोकुळाचं नव्हतं," सोनीबाई म्हणाली. "मायं होतं."

वच्छलेनं तिच्या कोऱ्या कपाळाकडं पाहिलं. तिचा स्वतःचा हात गळ्यातल्या पोतीवर गेला. मला वाटलं, ही आता धावत जाऊन नातवाचं मनगट सोडवणार. पण ती तिथंच बसून राहिली.

"ताप तं उतरला न," ती शेवटी म्हणाली. "कोणाले सांगू नोका. पोरीसाठी देता काय तुकडा?"

"देतो," सोनीबाई म्हणाली. "पण पुढच्या चैत्रात मी फेरात येतो."

"लोक काय मनतीन वं?"

सोनीबाई तांदूळ निवडू लागली.

"येजो," वच्छला म्हणाली. "माया बाजूले उभी राह्यजो, मंग कोणी बोलत नाई."

सोनीबाईनं दुसऱ्या एका जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. वच्छलेनं ती कपाळाला लावली आणि कमरेला खोचून निघून गेली.

गोकुळाचं एवढंच चुकलं होतं. तिच्याकडं वच्छलेला हवं असं कधी काही नव्हतं.