जो गैरहजर, तो सचिव

औषधशास्त्र संघटनेच्या चंदीगड शाखेचा इतिहास सचिव म्हणून मी लिहिते आहे. तो एवढाच: वार्षिक सभेला जो गैरहजर, तो पुढचा सचिव. सगळे हजर असतील, तर जुनाच चालू.

आई आजारी होती, त्या वर्षी मी सापडले. तेव्हापासून भीतीने सगळे येतात.

(इथे शाखेचा सुवर्णकाळ येणार होता. राहू दे.)

यंदा देवयानीची खुर्ची रिकामी होती. मला कित्येक वर्षांनी हलकं वाटलं. अध्यक्ष ढिल्लों नाव जाहीर करायला उठले, तेवढ्यात ती शेजारच्या खरड गावाहून धापा टाकत पोचली.

"वसुधाताई, सकाळी तुमचा मेसेज आला नसता तर विसरलेच असते."

"सब हाजिर हैं जी," ढिल्लों म्हणाले. "वसुधाजी, फिर आप ही."

सभेची आठवण करून देणं सचिवाचंच काम असतं.