बेंबीच्या डावीकडची गादी

मित्रांनो, मी इन्सुलिनचे एक जुने पेन आहे. नावाने पेन, पण आयुष्यात एक अक्षर लिहिलेले नाही. सात वर्षे मी एका टेलरमास्तरांच्या पोटात औषध सोडतो आहे, आणि खरे सांगतो, या गृहस्थांनी मला मेटाकुटीला आणले आहे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. माझी चकती फिरवली की दर युनिटला ‘टक्’ असा आवाज होतो. तो अचूक आहे ना, हे तेथे पुनःपुन्हा तपासले गेले. मला त्याचा अभिमान होता. मास्तरांनी तो मातीत मिळवला.

पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरांनी त्यांना नीट बजावले होते. दर वेळी नवी सुई, दर वेळी नवी जागा, आधीच्या जागेपासून बोटभर दूर.

मास्तर हसले. “चाळीस वर्षं सुयांशीच संसार केलाय, सिस्टर. सुई मोडल्याशिवाय टाकायची नसते.”

झाले! एकच सुई पंधरा-पंधरा दिवस. जागाही एकच, बेंबीच्या डावीकडे चार बोटे. आधी तेथे लाल ठिपके आले, मग खाज सुटली, मग काळेनिळे डाग पडले. शेवटी कातडीखाली चरबीची मऊ गादी तयार झाली. तिच्यात सुई शिरलेली कळतही नसे, म्हणून मास्तर खूश. मी सोडलेले औषध मात्र त्या गादीत मुक्काम ठोकायचे आणि मनाला येईल तेव्हा रक्तात जायचे. साखर चढली. डॉक्टरांनी डोस सोळावरून चोवीस केला. गादीबद्दल मास्तरांनी चकार शब्द काढला नाही.

उलट बायकोला म्हणाले, “हे पेनच लबाड आहे. नुसतं टकटक करतं, आत काही सोडत नाही.”

“पेनला कशाला बोल लावता? तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?”

“तुझं ऐकतो की!”

“ऐकता आणि सोडून देता.”

एका सकाळी मास्तरांचे मनगट आखडले, म्हणून बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला हातात घेतले. नवी सुई लावली आणि उजवीकडे टोचून मोकळ्या झाल्या. चोवीसच्या चोवीस युनिट, आणि तेही धडधाकट जागेत! मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे?

तासाभराने कापड बेतताना मास्तरांना दरदरून घाम फुटला. हातातली कात्री थरथरू लागली.

“अगं, डोळ्यापुढं अंधारतंय...”

बाई साखरेचे पाणी घेऊन धावल्या. पेला मास्तरांच्या दातांवर खडखड वाजत होता. दोन घोट गेले, चार गेले, तेव्हा कुठे त्यांना बाईंचा चेहरा नीट दिसू लागला.

दुपारी आम्ही तिघे दवाखान्यात. सिस्टरांनी आधी मला तपासले. सुईच्या टोकावर टपोरा थेंब आला.

“पेन उत्तम आहे. शर्ट वर करा.” त्यांनी पोटावरून बोटे फिरवली. “ही गादी कधीपासून?”

“झाली असतील दोनेक वर्षं. पण तिथं दुखत नाही हो.”

“म्हणूनच तिथं टोचत बसलात! एकाच जागी परत परत टाके घातले तर कापडाचं काय होतं, मास्तर?”

“विरतं,” मास्तर पुटपुटले.

“माझ्या हातून आज यांचं काही झालं असतं तर?” बाईंनी विचारले.

“तुम्ही बरोबरच टोचलंत. गादीत औषध वाया जात होतं म्हणून डोस वाढला होता, तो आज सगळा लागू पडला.”

मास्तर बायकोकडे बघू शकले नाहीत. डॉक्टरांनी डोस कमी करून दिला आणि रोज साखर तपासायला सांगितली. गादीला काही महिने सुट्टी मिळाली.

आता रोज नवी जागा, नवी सुई. पण सवय मोडताना मास्तर कुरकुरतातच. “इथं टोचतंय गं!” ते ओरडतात.

“टोचू दे,” बाई स्वयंपाकघरातून म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी रोज इंजेक्शन घेत असेल, तर त्यांना एवढे सांगा : टोचण्याच्या जागेवर हात फिरवून पाहा. गाठ, डाग, खाज, काहीही असो, डॉक्टरांना दाखवा. आणि तोपर्यंत कृपा करून बिचाऱ्या पेनाला लबाड म्हणू नका.