बंडूबुवांची रेघ

या मित्रांनो, या! असे दाराशी घुटमळू नका, पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याच्या वाट्याला नुसता झांजेचा आवाज येतो आणि गोष्ट पुढचे लोक घेऊन जातात. आज मी तुम्हाला एका रेघेचं आख्यान सांगणार आहे. त्यात एक बुवा आहेत, त्यांना शोधणारी त्यांची बायको आहे, आणि हसायलाही पुष्कळ आहे. तेव्हा खोकला-बिकला आत्ताच काढून घ्या.

मी एक जुना माऊस आहे. वायरवाला. कधी काळी माझा रंग काळाभोर होता. आता जिथे बोटं टेकतात तिथे मी चकाकतो आणि बाकीचा मळकट दिसतो. गणरायाच्या वाहनाचं नाव मला कुणी दिलं ते ठाऊक नाही, पण दिलं खरं. मला हात नाहीत, म्हणून दोन बटणं जोडूनच मी त्याला नमस्कार करतो.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडं, सगळी एकाच तोंडवळ्याची. कुणी माझ्या पोटात लाल दिवा बसवला, कुणी शेपटी जोडली, कुणी पाठ दाबून बंद केली. तिथून खोक्यात बसून मी इंदूरला आलो, जेल रोडवरच्या एका दुकानात. तिथून मला संहितानं उचललं. ती तेव्हा कॉलेजात चित्रकला शिकत होती. दुकानदार म्हणाला, "ले जाओ बेटा, गिराओगे तो भी चलेगा." संहितानं पहिल्याच आठवड्यात मला दोनदा पाडून त्याचा शब्द खरा केला.

सुरुवातीला ती मला पेन्सिलीसारखं फिरवायची. पडद्यावर रेघ उमटायची ती अशी, जणू बैलगाडीत बसून काढली आहे. ती चिडायची, मला आपटायची. मग हळूहळू तिला खरी युक्ती कळली. अशा चित्रात रेघ ओढायची नसते मित्रांनो, रेघेची ठिकाणं सांगायची असतात. इथे एक टिंब टेकवायचं, तिथे दुसरं. दाबून जरा ओढलं की टिंबाला दोन मिशा फुटतात. मिशी ओढावी तशी रेघ वाकते. संगणक एवढंच लक्षात ठेवतो, कुठे टिंब आहे आणि किती वळण आहे. म्हणून ते चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करा नाहीतर बसएवढं करा, रेघ फाटत नाही. आणि टिंबं जितकी कमी, तितकी रेघ साफ. चांगले बुवा कसे, चार सुरांवर टेकतात आणि मधली वाट आवाजावर सोडून देतात, तसंच.

संहिताला विजय नगरच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि माझे भाग्याचे दिवस सुरू झाले. शेवेच्या पाकिटावरचा स्वयंपाकी, शाळेच्या बसवरचा मोर, दवाखान्याच्या पाटीवरची हसरी दाढ, सगळं माझ्या हातून गेलं. साहेब टेबलापाशी थांबून म्हणायचे, "लाइन देखो इसकी, मक्खन!" कौतुक तिचं व्हायचं, पण तिचा तळवा माझ्या पाठीवर असायचा, त्यामुळे थोडं मलाही पोचायचं.

मग ऑफिसात बिनवायरीचा माऊस आला. पाठोपाठ संगणकाला जोडून चित्रं काढायची पाटी आणि तिचं पेन आलं. संहिताच्या शेजारी बसणारा अर्पित मला बघून म्हणाला, "यार, इस पूँछवाले को तो पेन्शन दे दे अब."

संहिता हसली आणि मला राजेंद्र नगरच्या घरी घेऊन गेली. टेबलाच्या खणात माझी रवानगी झाली. शेजारी उदबत्तीचे पुडे, संपलेल्या बॅटऱ्या आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली. शेपटीला गाठ बसली. माझं डावं बटणही बिघडलं होतं. एकदा दाबलं तरी कधी कधी दोनदा वाजायचं.

पण त्या खणात एक सुख होतं. गल्लीच्या टोकाला कीर्तन मंडळाचं सभागृह आहे, आणि तिथून बंडूबुवांचा आवाज यायचा. काय सांगू मित्रांनो! रामराया वनवासाला निघाले की पुढच्या रांगेतल्या बायका म्हणे पिशवीत रुमाल शोधायच्या, आणि पुढच्याच वाक्याला बुवा असं काही बोलायचे की त्याच रुमालात तोंड खुपसून हसायच्या. चाळीस वर्षं बुवा त्या गादीवर उभे राहिले. मग एका मार्गशीर्षात तो आवाज थांबला.

वर्ष होत आलं तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी तुकोजीकाका संहिताकडे आले. बुवांच्या शेजारी बसून चाळीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस. म्हणाले, "बेटा, बुवांच्या स्मृतिदिनाला पितळेची पाटी लावायची. फोटो नको, रेघांचं चित्र हवं, कोरलेलं. एकदम झकास झालं पाहिजे बरं का."

बरोबर बुवांच्या पत्नी यशोधराकाकू होत्या. काचबिंदूनं त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला उजेड गेलेला. त्या म्हणाल्या, "संहिता, मला बोटांनी दिसेल अशी कर गं. मी रोज त्यांच्या फोटोवरून हात फिरवते. काच गुळगुळीत लागते. त्यात हे कुठेच सापडत नाहीत. आणि आता माझ्या डोक्यातला चेहराही पुसट व्हायला लागलाय." एवढं बोलून त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. बुवा गेल्यापासून त्या कीर्तनालाही गेल्या नव्हत्या.

अर्पित म्हणाला, "इसमें क्या है? फोटो डालो, बटन दबाओ, खुद ट्रेस हो जाएगा." त्यानं तसंच केलं आणि ओळखीच्या कारखान्यातून लाकडी फळीवर नमुना कोरून आणला. काकूंनी बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं.

"अगं बाई! यांना कांजिण्या आल्यात की काय?"

संहितानं पडद्यावर चित्र मोठं करून पाहिलं. जिथे सहा टिंबं पुरली असती तिथे मशीननं सहाशे ओतली होती. रेघ कसली, मुंग्यांची रांग. आता एकेक टिंब हातानं टेकवण्यावाचून इलाज नव्हता. पाटी-पेन ऑफिसचं, घरी आणता येईना. तिनं खण उघडला, माझी गाठ सोडवली आणि पाठीवरची धूळ ओढणीनं पुसली. मी उदबत्तीच्या वासासकट कामाला लागलो.

तीन दिवस आम्ही खपलो. चार हजार टिंबांचे बुवा एकशे अकरा टिंबांत बसले. तुकोजीकाका रोज येऊन मागे उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळं ठीक आहे बेटा, पण चिपळ्या डाव्या हातात दिसताहेत."

"काका, बुवा डावखुरेच होते ना?"

"मला सांगतेस? पण ते आपल्या घरातलं झालं. पाटी आपल्या मागे शंभर वर्षं राहणार. उद्या कुणी म्हणेल, या मंडळाला गादीवरची रीतसुद्धा माहीत नव्हती. प्रसाद डाव्या हातानं घेतो का आपण? बुवांना नावं ठेवलेली मला चालणार नाहीत."

म्हाताऱ्याचा जीव होता हो बुवांवर. संहितानं एक आज्ञा दिली आणि अख्खं चित्र आरशात उलटावं तसं उलटलं. चिपळ्या उजव्या हातात गेल्या. मग तिलाही हुरूप आला. बुवांची पाठ जरा वाकलेली होती, ती ताठ केली. पगडी कलली होती, ती सरळ केली. गाताना उघडलेल्या तोंडात समोरचा एक दात नव्हता, ती फट भरून टाकली.

"आता कसं क्लीन झालं!" ती म्हणाली. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला.

दुसरी फळी आली. काकूंचं बोट रेघेतून अलगद सरकायला लागलं. "वा! किती सुरेख गं. लोण्यातून बोट फिरवल्यासारखं." कपाळ झालं, नाक झालं, हनुवटी झाली. मग बोट मंदावलं. खांद्यावरून हातापाशी आलं आणि तिथेच थांबलं.

"माणूस भला वाटतोय," काकू म्हणाल्या. "कोण आहेत हे? मंडळात नवे बुवा आलेत का?"

तुकोजीकाकांनी टोपी काढून हातात घेतली. "वहिनी, आपले बुवाच आहेत."

"तुकोजीभाऊजी, मी सदतीस वर्षं यांना चहा दिलाय. कप डावीकडे ठेवायचा, नाहीतर उजव्या हातानं उचलायला जायचे आणि धोतरावर सांडायचे. हे गृहस्थ माझ्यापुढे उजवा हात करताहेत."

आणि त्यांनी फळी दूर सारली. अगदी हळू. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पितळ कोरायला जायचं होतं. त्यानंतर स्मृतिदिनाआधी कारखान्याला वेळ नव्हता. मग संहितानं काकूंना हात धरून खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा तळवा माझ्यावर ठेवला.

"हे काय गं, साबणाची वडी?"

"माऊस आहे काकू. तुम्ही फिरवा. जिथे तुम्ही थांबाल तिथे मी टिंब टेकवते."

मित्रांनो, तो हात मी विसरणार नाही. पोळ्या लाटून घट्ट झालेला, एका बोटाला जुन्या चटक्याचा वण. त्यावर संहिताचा हात. आणि खाली मी, खोडीच्या बटणाचा! एकदा दाबल्यावर दोनदा वाजलो असतो तर बुवांच्या नाकावर गाठ उठली असती. मी देवाचं नाव घेतलं आणि श्वास रोखला.

"पाठ इथून. अजून वाकव. अजून... अगं बस्स, इतकेही म्हातारे नव्हते!"

"पगडी?"

"डाव्या कानावर. मी रोज सरळ करायची. दारापर्यंत जाईतो पुन्हा कान झाकलेला."

"आणि दात?"

"दात नाहीच तिथे. चिक्की खाताना पडला. लोकांना सांगायचे, नामस्मरणानं पडला."

तुकोजीकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हे मला ठाऊकच नव्हतं वहिनी! मी इतकी वर्षं नामस्मरणच धरून चाललो होतो!"

चिपळ्या परत डाव्या हातात आल्या, ते काकांनी स्वतः सांगितलं. "थोड्या वर धर बेटा. कानाजवळ वाजवायचे."

टिंबं वाढून एकशे चौदा झाली, एवढंच. रेघ तितकीच साफ राहिली. वाकडी रेघ वेगळी आणि खडबडीत रेघ वेगळी, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खडबडीतपणा काढायचा असतो. वाकडेपणा माणसाचा असतो, तो काढायचा नसतो.

स्मृतिदिनाच्या सकाळी अर्पित स्कूटरवरून पाटी घेऊन आला. "आंटीजी, इस बार कांजिण्या नहीं हैं," म्हणत त्यानं ती याच टेबलावर, माझ्या शेजारी ठेवली. काकूंनी आधी हात पदराला पुसले. मग बोट टेकवलं. पगडी. झाकलेला कान. नाकाचा उतार. दाताच्या फटीत बोट गेलं तशा त्या खुदकन हसल्या. वाकलेल्या पाठीवरून बोट खाली आलं, डाव्या दंडावरून वर गेलं आणि चिपळ्यांवर थांबलं. त्यांनी तो सगळा हातच आपल्या तळव्याखाली झाकून घेतला.

"कुठे होतात हो इतके दिवस?" काकू म्हणाल्या.

अर्पितला मराठी फारसं कळत नाही. पण तो खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बाहेरची रहदारी पाहत राहिला.

मग काकू उठल्या. "तुकोजीभाऊजी, आज कीर्तनाला पहिल्या रांगेत माझी जागा धरा."

"वहिनी," काका नाक पुसत म्हणाले, "ती जागा वर्षभर कुणी घेतलीच नाही."

तर मित्रांनो, हे माझं आख्यान. आता मी खणात नाही, टेबलावर असतो. वायर सैल गुंडाळलेली असते. डावं बटण अजून अधूनमधून खोडी काढतं, पण संहिता मला दटावून काम करून घेते. तुम्हीही तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना असंच वागवा. वायरीला गाठी मारू नका, धूळ पुसा, आणि चालत नाही म्हणण्याआधी एकदा लावून तरी बघा.

आणि जाता जाता एक मागणं आहे. बंडूबुवांना तुम्ही पाहिलेलं नाही, ते मला ठाऊक आहे. तरीही कधी कीर्तनाला बसलात आणि चिपळ्या वाजल्या, तर क्षणभर त्यांची आठवण काढा. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. डाव्या हातानं वाजवणारे बुवा, एवढं मनात म्हटलं तरी त्यांना पोचतं.