एक मिळवला तरी तोच नंबर

मित्रांनो, रक्ततपासणीच्या खोलीत खिडकीखाली बसलेला जुना प्रिंटर मी. नळ्यांवर चिकटवायची नंबरांची लेबले छापण्यात माझे आयुष्य गेले. तपासनीस बाई मला ‘आजोबा’ म्हणत. माझे रबर झिजले, कागद अडकू लागला, तरी त्यांनी मला टाकले नाही.

पुढे नंबर द्यायचे काम ब्राउझरमधल्या एका पानाकडे गेले. नवा रुग्ण आला की ते मागच्या नंबरात एक मिळवी आणि मला पाठवी. मग सगळ्या शाखा एक झाल्या. नंबरापुढे शाखेचे, वर्षाचे आकडे लागले आणि तो लांबच लांब झाला.

एका सकाळी पानाने मला एकच नंबर दोनदा पाठवला. मला छापण्यापलीकडे काय येते? पहिले लेबल एका पाववाल्याच्या नळीवर गेले, दुसरे बाईंच्या भाचीच्या. दुपारी पुन्हा तोच नंबर आला, तेव्हा बाईंचे लक्ष गेले.

“आजोबा, तेच तेच काय छापताय? म्हातारचळ लागला की काय!”

त्यांनी मला बाजूला सारून नवा प्रिंटर जोडला. त्यानेही तोच नंबर छापला.

बाईंनी सकाळच्या नळ्या काढून तो नंबर शोधला. नळ्या दोन, आणि पानावर रक्तगट एकच. भाचीला तर शस्त्रक्रियेला नेत होते.

“थांबवा! रक्त चढवू नका!” त्या ओरडतच धावल्या.

पान बनवणारा संगणकवाला आला. “बाई, एवढा मोठा आकडा ब्राउझर नेमका धरत नाही. एक मिळवला तरी तोच राहतो.”

“मग तपासलं नव्हतंस?”

“तपासलं होतं. छोटे नंबर घालून.”

मोठ्या आकड्यांसाठी वेगळी सोय असते, ती त्याने तेव्हा कुठे बसवली.

भाचीचे रक्त पुन्हा तपासले. गट पानावरचाच निघाला. “वाचलो गं ताई!” भाचीची आई, बाईंची धाकटी बहीण, त्यांच्या गळ्यात पडली. बाई मात्र हसल्या नाहीत. पाववाल्याच्या नळीतला गट वेगळा होता. पाववाला भाचीचाच गट लिहिलेला कागद घेऊन दुसऱ्या रुग्णालयात गेला होता, शस्त्रक्रियेसाठी.

मित्रांनो, यंत्रावर भरवसा टाकण्याआधी त्याला त्याच्या ताकदीबाहेरचा आकडा एकदा तरी देऊन बघा.

बाई फोन लावून उभ्या आहेत. पलीकडे घंटी वाजते आहे. कोणी उचलत नाही.