घासणारं दार

मिस्त्रीने जमिनीवर बसवायच्या लॅमिनेटच्या पट्टीचा एक तुकडा चौकटीला भिडवला, त्यावर करवत आडवी टेकवली आणि चौकटीचा पाय खालून कापायला सुरुवात केली.

"पट्टीलाच चौकटीच्या आकाराच्या खाचा पाडत बसणारे वेगळे," तो म्हणाला. "त्यात फट राहतेच. आपण चौकट तेवढी खालून कापतो आणि पट्टी तिच्याखाली सरकवतो. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आधी जमीन झाली, मग घर."

तोंड आणि करवत एकदम चालवणारा माणूस. एरवी तिला हसू आलं असतं. आज ती पाण्याचा ग्लास हातात धरून नुसती उभी होती आणि तिचं सगळं लक्ष बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलेल्या दाराकडे होतं.

"हे दार परत लागेल?" तिने विचारलं.

"लागेल म्हणजे? एका बोटाने लागेल. पाण्याने फुगलंय खालून, तेवढं रंधून काढतो."

"थोडं घासलं तरी चालेल."

मिस्त्रीने करवत थांबवली. "ताई, तेवीस वर्षं हेच करतोय. माझ्या हातचं दार घासत नाही."

पाच आठवड्यांपूर्वी पाण्याचा नळ फुटून तिच्या खोलीत घोटाभर पाणी साचलं होतं. जुनी जमीन उखडली, दार फुगलं आणि चौकटीत बसेनासं झालं. येणारा-जाणारा हळहळला. ती मात्र त्या पाच आठवड्यांत कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली, कारण त्या दाराची कडी बाहेरून होती. आई-बाबा गेल्यावर दादाने ती आतून काढून बाहेर लावली होती. ती उलट बोलली की "डोकं शांत होईपर्यंत बस" म्हणून तो कडी घालायचा. पहिल्यांदा तासभर घातली होती. गेल्या वेळी मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. बाहेर काढल्यावर त्यानेच तिला गरम गरम वाढलं, आणि तिने मुकाट्याने खाल्लंही. ती सत्तावीस वर्षांची होती.

आता दुसरीकडे नोकरी मिळाली होती. उद्या सकाळी दहाला हजर व्हायचं होतं, परगावी. दादाला अजून सांगितलं नव्हतं. दार लागत नाही तोवर सांगून टाकायचं असं ती रोज ठरवायची आणि रोज उद्यावर ढकलायची.

"एक सांगा," मिस्त्री खालच्या बिजागरीकडे बोट दाखवत म्हणाला, "सकाळी हे स्क्रू काढताना घाम फुटला मला. डोकी पार झिजलीत. कुणी चमच्या-बिमच्याने फिरवत होतं की काय?"

दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता आणि मधे दारही नव्हतं. तिने मिस्त्रीकडे बघून मान हलवली, नको म्हणून. एवढीशीच.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीशी टेकवलेल्या दाराकडे. दाराच्या आतल्या अंगाला जुन्या कडीची चार भोकं होती. त्याने दार थोडं पुढे ओढून मागच्या बाजूची कडी पाहिली आणि ती बोटाने एकदा सरकवून बघितली.

"काय म्हणतायत मिस्त्री?" दादा येऊन उभा राहिला. त्याचा आवाज कधी चढत नसे. सगळी गल्ली त्याच्या शांत स्वभावाचे गोडवे गायची. "दार आजच लागलं पाहिजे बरं का. आमच्या चिमीला उघड्या दाराची भीती वाटते."

"लागेल, साहेब," मिस्त्री म्हणाला आणि रंधा उचलला.

म्हणजे हाही तसलाच. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. रंध्याचा आवाज येत होता, मग ठोकाठोकीचा.

"झालं, साहेब. बघून घ्या."

तीही मागोमाग गेली. नवी जमीन चौकटीखालून एकसंध आत गेली होती. दादाने एका बोटाने दार ओढलं आणि ते आवाज न करता लागलं. त्याचा हात सवयीने कडीकडे गेला. कडी नव्हती. तिच्या जागी भोकं बुजवलेल्या पुट्टीचे चार ओले ठिपके होते.

"कडी?"

"आतून बसवली. भोकं आतच होती मुळात. कुणीतरी चुकून बाहेर लावली होती."

"बाहेरच हवी होती ती."

"फिरवून देतो, पाच मिनिटांचं काम." मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाही. "पण मला कळू द्या तरी. झोपायच्या खोलीला बाहेरून कडी कशाला हवी, साहेब?"

दादा हसला.

"नको. राहू द्या."

आवाज उतरला होता. कडी घालण्याआधी तो याच आवाजात बोलायचा. मिस्त्री गेला की कडी परत बाहेर लावायला ही पाच मिनिटं दादालाही पुरली असती. तिच्याजवळ जो काय वेळ होता तो हा परका माणूस घरात होता तेवढाच.

"दादा, मला नोकरी लागलीये," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "उद्या दहाला हजर व्हायचंय. मी आत्ता निघतेय."

दादा अजून हसतच होता. "मिस्त्रींना जाऊ दे चिमे, मग बोलू आपण."

ती दार ढकलून आत गेली. कपाटावरची बॅग ओढताना ती जवळजवळ अंगावरच पडली. हाताला लागतील ते कपडे ती कोंबू लागली. वर प्रमाणपत्रांची फाइल दाबून बसवली. मागे दादाच्या चपला वाजल्या.

मिस्त्रीने झाडलोट केव्हाच उरकली होती, हत्यारंही पिशवीत भरली होती. त्याने पिशवी उघडून कुंचा परत बाहेर काढला.

"जरा बाजूला व्हा, साहेब," तो म्हणाला. "भुसा राहिलाय."

आणि दादाच्या पुढ्यात, बरोबर चौकटीत गुडघे टेकून, तो लखलखीत जमिनीवरून कुंचा फिरवू लागला. तिची बॅग भरून होईपर्यंत त्याचा भुसा काही संपला नाही.