ठसा असलेलं झाड

“मुकादम, करवत खाली ठेव. हे झाड पडणार नाही,” दाजी म्हणाले आणि बुंध्याला पाठ लावून उभे राहिले.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जंगलात कुठलं झाड तोडायचं हे ठरवणं त्यांचं काम. बुंध्यापाशी साल तासून त्यांनी लोखंडी हातोड्याने ठसा उमटवला की ते झाड तोडायचं. ठसा नसेल तर फांदीलाही हात लावायचा नाही. मी सुतार. या झाडाच्या फळ्यांवर माझा केव्हापासून डोळा होता, म्हणून सकाळीच गाडी घेऊन हजर झालो होतो.

“अहो, ठसा तुमचाच ना?” मुकादम चक्रावला. “मग आम्ही करायचं तरी काय?”

“माझाच आहे. वर बघ.”

आम्ही वर पाहिलं. खोडात उंचावर एक ढोली होती. तिचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मधे बोटभर फट. तेवढ्यात मोठ्या चोचीचा धनेश पक्षी आला आणि त्याने फटीतून फळ आत दिलं. आतून दुसऱ्या चोचीने ते घेतलं. याची मादी अंडी घालायला स्वतःला ढोलीत कोंडून घेते, पिसंही गाळते. झाड पडलं तर तिला उडून जायची सोय नाही.

आदल्याच दिवशी जेवताना भाचीने बापाला धारेवर धरलं होतं. “बाबा, लाकडासाठी जंगल तोडणं बंदच व्हायला हवं. तुमच्या एका ठोक्याने केवढं झाड जातं!”

“अगं बाई, मग मी रंधा काय स्वतःच्या डोक्यावर फिरवू?” मी म्हटलं. “आणि ज्या खुर्चीवर बसून भांडतेस, ती काय आभाळातून पडली?”

ताई हसली. दाजींनी शांतपणे घास गिळला. “लाकूड तर लागणारच गं. पण बघून तोडायला हवं. न बघता तोडलं, तर मग तू म्हणतेस तेच खरं.”

मुकादमाने बोलावलं म्हणून वनखात्याचे साहेब आले. वयाने लहान, पण भला माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर ते अवघडले. “काका, नियम तुम्हीच मला शिकवलात. ठसा बरोबर असेल तर झाड पाडावंच लागतं. ठसा चुकला असं तुम्ही म्हणालात तर झाड वाचेल, पण हातोडा मला काढून घ्यावा लागेल. निवृत्ती तोंडावर आलीय तुमची.”

त्या हातोड्याला घरात ताईसुद्धा हात लावत नसे. दाजी रोज तो पुसून दाराजवळच्या खुंटीला अडकवायचे. त्यांचा ठसा चुकला असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

मी त्यांचा हात ओढला. “दाजी, एका पाखरासाठी आयुष्यभराच्या नोकरीला बट्टा कशाला? गप्प बसा की.” मला फळ्याही हव्या होत्या, खोटं कशाला बोलू?

दाजींनी कमरेचा हातोडा काढला. “ठसा चुकला, साहेब. पक्षी ठशानंतर आला म्हणालो असतो, पण ही बघा, गेल्या वर्षी या पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपं इथेच उगवलीत. मी बुंधा बघितला, मान वर केलीच नाही.” मग सदऱ्याच्या टोकाने हातोडा पुसून त्यांनी तो दोन्ही हातांनी साहेबांकडे दिला.

मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला. इतका ताठ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गाडी रिकामीच परत नेली.

घरी भाचीने मोकळी खुंटी पाहिली. बापाची टोपी उचलून तिथे अडकवली आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसली.

आता दाजी निवृत्त आहेत. परवा त्यांच्याबरोबर त्या झाडापाशी गेलो होतो. पाखरं केव्हाच उडून गेली होती. बुंध्यावरच्या ठशावर कडेने नवी साल चढत होती. दाजींनी ठसा मारलेली बाकीची झाडं कधीच दारंखिडक्या होऊन गेली, त्यांतली कितीतरी माझ्याच हातून. हे एकच उभं होतं.

“आणखी थोडे पावसाळे,” ठशावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, “मग दिसायचाही नाही.”

आणि मान वर करून बराच वेळ उभे राहिले.